बर्मिंगहॅमच्या कालव्यातून एक दिवस नॅरोबोटने: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

उन्हाळा जवळ आला की तेच तेच प्रश्न येतात, कुणाचे आईबाबा पुण्याहून येणार असतात, कुणाला पोरांच्या सुट्टीत काहीतरी वेगळं करायचं असतं, कुणी ऑफिसची टीम घेऊन जाणार असतं. म्हणून सगळं एकदाच लिहून ठेवलंय. अगदी घाईत असाल तर फक्त प्रश्न ५ वाचा, बाकीचं बरंचसं बोटयार्डवाले शिकवतातच.

१. नॅरोबोट म्हणजे नक्की काय? आणि ती एवढी अरुंद का असते?

लांबुडकी पोलादी बोट. रुंदी ७ फुटांपेक्षा जराशी कमी आणि लांबी जास्तीत जास्त ७० फुटांच्या आसपास, पण दिवसाच्या भाड्याने मिळणाऱ्या बोटी बऱ्याच आखूड असतात आणि तेच बरं असतं (का ते प्रश्न ७ मध्ये). अरुंद असण्याचं कारण म्हणजे या भागातले लॉक (दोन्ही टोकांना दारं असलेला कप्पा, त्यात पाणी भरून किंवा सोडून बोट वर-खाली करतात). जेम्स ब्रिंडली आणि त्याच्या काळातल्या इंजिनिअरांनी खर्च आणि पाणी वाचवायला लॉक ७ फुटी बांधले, मग बोटीही त्या मापाच्या झाल्या. आधी घोडे ओढायचे, कडेचा जो टोपाथ आहे तो मूळचा घोड्यांचा, आता त्यावर सायकलवाले आणि जॉगिंगवाले असतात आणि ते तुमच्यापेक्षा फास्ट असतात, मनाची तयारी ठेवा.

२. बर्मिंगहॅमच का? लंडनला जास्त मजा नाही का येणार?

लंडनचा रीजंट्स कॅनॉल सुंदर आहे, प्रश्नच नाही. पण कॅमडेनपासून लाइमहाउसपर्यंत १२ लॉक आणि कडेला राहत्या बोटींची गर्दी, एका दिवसात नवख्या माणसाने तिथे टिलर (बोट वळवायचा मागचा दांडा) धरावा असं मला वाटत नाही. तिथे सरळ तिकीट काढून लिटल व्हेनिस ते कॅमडेन बसून जा.

बर्मिंगहॅमचा फायदा असा की गॅस स्ट्रीट बेसिनमधून (शहराच्या मध्यातला बोटींचा धक्का) दोन्ही दिशांना कित्येक मैल एकही लॉक लागत नाही. ब्रिंडलीच्या कालव्याचा पहिला टप्पा १७६९ मध्ये सुरू झाला, ब्लॅक कंट्रीतला (शेजारचा खाणींचा भाग) कोळसा शहरात स्वस्तात यायला लागला आणि मग कारखान्यांनी कालव्याच्या काठालाच जागा धरल्या. आजही या जाळ्याचे सुमारे १०० मैल चालू आहेत. व्हेनिसपेक्षा जास्त कालवे आहेत हे इथला प्रत्येक माणूस तुम्हाला सांगणार, ऐकून घ्यायचं आणि हो म्हणायचं. व्हेनिसची शोभा इथे नाही. इथे शहराची मागची बाजू दिसते, गोदामं, विटांच्या भिंती, रेल्वेचे पूल, मध्येच एखादा बगळा, आणि मला विचाराल तर बघण्यासारखं तेच आहे.

३. बोट चालवायला लायसन्स लागतं का?

नाही. बोटीचं लायसन्स आणि इन्शुरन्स लागतो, ते यार्डाचं काम. हे कालवे २०१२ पासून कॅनॉल अँड रिव्हर ट्रस्टकडे आहेत, त्याआधी ब्रिटिश वॉटरवेजकडे होते. निघण्याआधी यार्डवाला तुम्हाला सगळं दाखवतो, थोडं अंतर बरोबरही येतो. त्या वेळी फोटो काढत बसू नका, निदान दोन जणांनी नीट ऐका कारण एकच माणूस दिवसभर टिलरवर उभा राहू शकत नाही. भाड्याच्या बोटीवर साधारण १२ माणसांची मर्यादा असते, बऱ्याच ठिकाणी त्याहून कमी, म्हणजे "पोरांना कशाला मोजायचं" हा आपला नेहमीचा हिशोब चालणार नाही.

४. मला पोहता येत नाही. पाण्यात पडलो तर?

कालवा बहुतेक ठिकाणी मीटरभरच खोल असतो, कडेला त्याहून कमी. पडलात तर आधी उभं राहून बघा. खरी भीती खोलीची नसते, प्रॉपेलरची असते. कुणी पडलं की टिलरवाल्याने पहिलं काम गिअर न्यूट्रलला टाकायचं, आणि बोट मागे घेऊन उचलायला अजिबात जायचं नाही, कारण रिव्हर्समध्ये प्रॉपेलर त्याच माणसाकडे येतो. लॉकमध्ये पडणं मात्र वेगळं आणि धोक्याचं, तिथे पाणी खोल असतं आणि भिंती सरळ.

लाइफ जॅकेट यार्डाकडे मागा, लहान मुलांना घालाच. बाहेर आल्यावर कपडे बदला, साबणाने हात धुवा, कापलेलं-खरचटलेलं झाकून ठेवा. उंदरांच्या मुतातून पाण्यात येणारा वाइल्स डिसीज म्हणजे आपल्याकडचा लेप्टोच, मुंबईच्या पावसाळ्यात ज्याची दरवर्षी सूचना येते तो. इथे क्वचित होतो, पण नंतर ताप आला तर डॉक्टरला कालव्याचं सांगा.

५. एका दिवसात किती लांब जाता येतं?

तुम्हाला वाटतं त्याच्या निम्मं. वेगमर्यादा ताशी ४ मैल आहे पण प्रत्यक्षात सरासरी अडीच-तीनच पडते, कारण बांधून ठेवलेल्या बोटींच्या जवळून जाताना इंजिन अगदी टिकओव्हरवर (सगळ्यात मंद) आणायचं असतं, नाहीतर त्यांचे दोर ताणले जातात, आत कुणाचा चहा सांडतो आणि तो माणूस बाहेर येऊन तुमच्याशी बोलतो.

हिशोब असा करा. बोट समजा नऊ ते पाच. सकाळी सामान चढवणं आणि शिकवणं यात तासभर जातो. जेवायला कुठेतरी बांधणार, तो दीड तास, कारण आपण डबे उघडले की अर्ध्या तासात आवरत नाही. उरले साडेपाच तास. म्हणजे जाऊन-येऊन १३-१४ मैल, आणि तेही सगळं सुरळीत झालं तर. मी तर ५ मैल जाऊन परत या असंच सांगेन. सर्वात महत्त्वाचं म्हणजे निघतानाच परत फिरायची वेळ ठरवा, जागा नाही, वेळ. साडेबारा म्हणजे साडेबारा, मग समोर पुढच्या वळणावर पब दिसत असला तरी. यार्डावर उशिरा पोचलं तर जादा पैसे लागतात, आणि भाड्याची बोट अंधारात चालवायची नसते.

६. मग रूट कुठला घ्यावा?

बिनलॉकचे दोन मुख्य पर्याय आहेत आणि त्यांचा स्वभाव एकदम वेगळा आहे. बोट शहराच्या मध्यातून घेताय असं धरून लिहितोय, यार्ड दुसरीकडे असेल तर हेच तुकडे उलटे येतील.

पहिला, दक्षिणेकडे वूस्टर अँड बर्मिंगहॅम कॅनॉलने किंग्ज नॉर्टनकडे, साधारण साडेपाच मैल. सुरुवातच गॅस स्ट्रीट बेसिनमधल्या वूस्टर बारपाशी होते. दोन कंपन्यांचे कालवे इथे शेजारी येऊन थांबले होते, मध्ये ७ फूट जाडीचा बांध, कारण जुन्या कंपनीला आपलं पाणी नव्या कंपनीला जाऊ द्यायचं नव्हतं. वर्षानुवर्षं इकडच्या बोटीतला माल उचलून बांधावरून तिकडच्या बोटीत टाकायचे. १८१५ मध्ये शेवटी बांध फोडून वाट केली. पाण्यावरून भांडणं काय आपल्याकडेच होतात असं नाही! पुढे एजबॅस्टनची झाडी, युनिव्हर्सिटीचा ओल्ड जो टॉवर (सुमारे १०० मीटर उंच, बराच वेळ दिसत राहतो), सेली ओक, आणि मग बोर्नव्हिल, जिथे कॅडबरीने १८७९ मध्ये कारखाना हलवला. वारा बरोबर असेल तर चॉकलेटचा वास येतो आणि बोटीवरची सगळी पोरं एकदम शहाणी होतात. फॅमिली असेल तर हाच रूट घ्या.

दुसरा, वायव्येला टेलफर्ड या नंतरच्या इंजिनिअरच्या न्यू मेन लाइनने स्मेदिककडे. ब्रिंडलीचा जुना कालवा टेकड्यांना वळसे घालत जायचा, टेलफर्डने १८२०-३० च्या दशकांत तो सरळ कापून काढला आणि वुल्वरहॅम्प्टनपर्यंतचं अंतर सुमारे ७ मैलांनी कमी केलं. त्यामुळे कालवा रुंद, सरळसोट, शिकायला सोपा, पण काही जणांना कंटाळवाणा वाटतो. मला आवडतो. निघाल्यावर लगेच ओल्ड टर्न जंक्शनला पाण्यातला राउंडअबाउट लागतो. मधलं बेट दुसऱ्या महायुद्धातलं आहे, खालून रेल्वेचा बोगदा जातो, बॉम्ब पडून कालवा फुटला तर पटकन दारं लावून पाणी अडवता यावं म्हणून केलेली सोय. पुढे डोक्यावरून दुसरा कालवा नेणारा एंजिन आर्म अ‍ॅक्वाडक्ट, मग खोल दरीसारखा कापलेला भाग आणि त्यावर १८२९ चा गॅल्टन ब्रिज, ओतीव लोखंडाची एकच कमान, साधारण १५० फुटांची. अजून पुढे ओल्डबरीपाशी स्ट्युअर्ट अ‍ॅक्वाडक्ट आहे, खाली तुम्ही, वर जुना कालवा, त्याच्याही वर एम-फाइव्ह मोटरवे, शेजारून ट्रेन. अडीचशे वर्षांची वाहतूक एका जागी बघायची असेल तर तिथपर्यंत जा, पण घड्याळ बघून.

७. बोट परत वळवायची कुठे? यू-टर्न कुठेही मारता येतो ना?

नाही! हा प्रश्न लोक निघाल्यावर विचारतात, आधी विचारायला हवा. कालवा बऱ्याच ठिकाणी बोटीच्या लांबीपेक्षा अरुंद असतो. वळायला एका काठाला मुद्दाम रुंद केलेली जागा असते, तिला विंडिंग होल म्हणतात, किंवा मग जंक्शन गाठायचं. एखादं हुकलं की पुढचं येईपर्यंत जावंच लागतं. सकाळीच यार्डवाल्याकडून नकाशावर तुमच्या बोटीच्या लांबीला चालणाऱ्या जागा पेनने मार्क करून घ्या. मेन लाइनवर सोहो लूपसारखे जुने वळसे शिल्लक आहेत, एका टोकाने शिरून दुसऱ्या टोकाने बाहेर पडता येतं, पण तोंडाशी वळण अवघड असू शकतं, तेही विचारूनच.

८. टिलर उलटा चालतो म्हणतात, ते कसं जमायचं?

बोटीला उजवीकडे न्यायचं तर टिलर डावीकडे ढकलायचा. पहिली पंधरा मिनिटं सगळ्यांचीच बोट नागमोडी जाते, मग हात आपोआप शिकतो. जास्त गडबड दुसऱ्याच गोष्टीने होते. बोट पुढून वळत नाही, मधल्या बिंदूभोवती फिरते, म्हणजे नाक उजवीकडे गेलं की शेपूट डावीकडे जाते. घरात लांब शिडी घेऊन वळताना मागचं टोक कशाला लागतंय ते बघावं लागतं ना, तसंच. आणि प्रॉपेलर फिरत असेल तरच टिलर नीट काम करतो, घाबरून इंजिन न्यूट्रलला टाकलं की बोट तुमचं ऐकणं बंद करते.

ब्रेक नाहीत. थांबायचं तर रिव्हर्स, आणि त्यालाही वेळ लागतो. बोट भिंतीला लागणार असं दिसलं तर लागू द्या. हात किंवा पाय मध्ये घालून अडवायला जायचं नाही, बोटीचं वजन टनांत असतं आणि तुमचं नाही.

९. समोरून बोट आली तर कोणी कुठल्या बाजूला जायचं?

उजवीकडे राहायचं, रस्त्याच्या बरोब्बर उलट. समोर कुणी नसेल तर मधोमध चाला, कडेला गाळ असतो आणि बोट रुतते. पुलाखाली एकच बोट मावते, जी जवळ असेल ती आधी.

१०. आम्हाला एक तरी लॉक करून बघायचाच आहे. जमेल का?

जमेल, पण यार्डाची परवानगी आहे का ते आधी बघा, काही ठिकाणी दिवसाच्या बोटीला लॉक चालत नाहीत. परवानगी असेल तर स्मेदिकचे तीन लॉक चढून ओल्ड मेन लाइनवर (ब्रिंडलीचा जुना कालवा) जाता येतं, सुमारे २० फुटांची चढण. नवख्यांना एका लॉकला २० मिनिटं धरा, म्हणजे चढायला एक तास, उतरायला एक तास, आणि मग प्रश्न ५ चा सगळा हिशोब परत मांडावा लागेल.

विंडलास नावाचं हँडल लागतं, त्याने पॅडल (लॉकमधली पाण्याची झडप) वर उचलून पाणी आत-बाहेर सोडायचं. या भागात पॅडलना टवाळखोरांपासून वाचवायला कुलूप असतं, त्याची वेगळी किल्ली यार्डाकडून मागून घ्या. उतरताना वरच्या दरवाजाखाली एक दगडी उंबरा असतो, त्याला सिल म्हणतात. काठावर पांढरी खूण केलेली असते, बोटीचं मागचं टोक सतत त्या खुणेच्या पुढे ठेवा. पाणी उतरताना शेपूट त्यावर अडकलं तर बोट पुढून तिरकी होऊन बुडते. शंका आली की आधी पॅडल बंद करा, चर्चा नंतर. उतरताना दोर घट्ट बांधून ठेवायचे नाहीत. आणि एका वेळी लाखभर लिटरहून जास्त पाणी खाली जातं, म्हणून समोरून येणाऱ्या बोटीसाठी लॉक तयार असेल तर तिला आधी येऊ द्या.

११. बोगदे लागतात का? घाबरणारे लोक आहेत बरोबर.

दक्षिणेच्या रूटला एजबॅस्टनचा लागतो, जेमतेम १०० मीटरचा, पलीकडचा उजेड दिसत असतो. हेडलाइट लावा आणि समोरून कुणी येतंय का बघून शिरा. किंग्ज नॉर्टनच्या पुढे वास्ट हिल्सचा बोगदा आहे, जवळजवळ अडीच किलोमीटर, आत टोपाथही नाही, वरून पाणी ठिबकतं. घाबरणारे असतील तर तिथे नकोच, नसतील तरी एका दिवसात तिथवर जायची गरज नाही.

१२. जेवणाचं काय करायचं? बोटीवर स्वयंपाक होतो का?

काही बोटींवर छोटी शेगडी आणि किटली असते, काहींवर फक्त टेबल. चहा करा, पण तळणीच्या नादाला लागू नका, बोट कशाला तरी धडकते तेव्हा कढईसुद्धा हलते. थालीपीठ, मेथीचे ठेपले, दडपे पोहे, तिखटमिठाच्या पुऱ्या असं हातात धरून खाता येणारं न्या. टिलरवाल्याला कुणीतरी भरवावं लागतं हे लक्षात ठेवा, तो माणूस दिवसभर बाहेर उभा असतो आणि आतले सगळे गप्पांत त्याला विसरतात.

दारूचं वारंवार विचारतात म्हणून इथेच सांगतो, टिलरवर आणि लॉकवर असणाऱ्यांनी परत येईपर्यंत नाही. यार्डाच्या अटीतही ते असतं.

१३. टॉयलेट असतं का?

बहुतेक बोटींवर असतं, छोटं आणि केमिकलवालं. बुक करताना विचाराच.

१४. आई-बाबा सत्तरीचे आहेत, गुडघे दुखतात. आणू का?

चढता-उतरता येत असेल तर जरूर आणा, एकदा बसले की सगळ्यात खूश तेच असतात. अडचण चढण्याची आहे, काठावरून बोटीत एक मोठी पायरी आणि मग आत उतरायला अजून दोन-तीन उभ्या पायऱ्या. पुढच्या उघड्या भागात बसवा, तिथे इंजिनचा आवाज नसतो. नऊवारी किंवा साधी साडी चालते, पण चपला नकोत, ओल्या पोलादावर घसरतात. छपरावर कुणी बसायचं नाही, पूल फार खालून जातात, तिथे तरुणांनाही मी सूट देणार नाही.

व्हीलचेअर असेल तर साधी दिवसाची बोट सहसा चालत नाही, लिफ्ट असलेल्या खास बोटी असतात त्या शोधा. नाहीतर ब्रिंडलीप्लेसजवळून चालकासकट तासाभराच्या फेऱ्या मिळतात, दिवसभराची हौस नसेल तर तोच पर्याय शहाणपणाचा.

१५. काही मंडळी उशिरा येणार, काहींना लवकर निघायचंय. मध्येच चढता-उतरता येतं का?

येतं, आणि दक्षिणेच्या रूटची ही मोठी सोय आहे, कारण क्रॉस-सिटी रेल्वे बराच वेळ कालव्याला लागूनच जाते. फाइव्ह वेज, युनिव्हर्सिटी, सेली ओक, बोर्नव्हिल, किंग्ज नॉर्टन. ट्रेन दहा मिनिटांत तुम्हाला गाठते हे बघून वाईट वाटून घेऊ नका. स्मेदिकच्या बाजूला स्मेदिक गॅल्टन ब्रिज स्टेशन आहे. हाय स्ट्रीटवरचा गुरू नानक गुरुद्वाराही कालव्यापासून चालत जाण्याइतका जवळ आहे, तिथे जाऊन यायचं असेल तर डोकं झाकायला रुमाल बरोबर ठेवा. टिव्हिडेलच्या बालाजी मंदिराचंही विचारतात. ओल्ड मेन लाइन टिव्हिडेलमधून जाते खरी, पण तिकडे जाऊन त्याच दिवशी परत येणं फार ओढाताणीचं, मंदिराला गाडीने जा.

१६. पाऊस आला तर? आणि हिवाळ्यात मिळते का बोट?

पावसात बोट चालते, आतले कोरडे असतात, टिलरवाला भिजतो. रेनकोट आणि ग्लोव्हज न्या, छत्री पुलाखाली उलटी होते. जोराचा वारा मात्र पावसापेक्षा वाईट, वेळ पडली तर यार्डवाले निघू देत नाहीत, आणि ते बरोबर असतं.

नोव्हेंबर ते मार्च हा दुरुस्तीचा काळ, लॉक आणि काही टप्पे बंद असतात, दिवसही लहान. उन्हाळ्यातही गृहीत धरू नका, २०२५ मध्ये पाणी कमी पडून इंग्लंडमधले बरेच कालवे बंद ठेवावे लागले होते. जायच्या आठवड्यात ट्रस्टच्या साइटवरच्या बंदच्या सूचना बघा.

१७. इंजिन चालू आहे पण बोट पुढेच जात नाही. आता?

बहुतेक वेळा प्रॉपेलरला काहीतरी गुंडाळलेलं असतं. शहरी कालव्यात प्लॅस्टिक पिशव्या, दोर, कपडे, आणि हो, साडीसारखं लांब कापडही. रिव्हर्स देऊन बघा, कधी कधी सुटतं. नाही सुटलं तर काठाला घ्या, इंजिन बंद करा, किल्ली काढून खिशात घाला आणि मग यार्डाला फोन करा. इंजिनच्या मागे वीड हॅच नावाचं झाकण असतं, ते उघडून हाताने काढता येतं, पण यार्डवाल्याने सकाळी दाखवलं असेल तरच. झाकण परत घट्ट लागलंय याची खात्री झाल्याशिवाय इंजिन सुरू करायचं नाही, नाहीतर प्रॉपेलर त्या वाटेने पाणी आत फेकतो.

बोट नुसती गाळात रुतली असेल तर आलात त्याच वाटेने हळू मागे या आणि सगळ्यांना एका बाजूला उभं करा.

१८. पुण्यात पण मुठा कालवा शहरातून जातो, तिथे असं का नाही करत?

बाबा लोकांचा आवडता प्रश्न. मुठा उजवा कालवा खडकवासल्याचं पाणी शहराला आणि पुढे शेतीला पोचवतो, म्हणजे त्याला उतार आहे आणि पाणी वाहतं. बर्मिंगहॅमचा कालवा बोटींसाठी बांधलाय, त्यात पाणी जवळजवळ उभंच असतं, टप्पा सपाट आणि उंची बदलायची तिथे लॉक. वाहत्या पाण्यात अशी बोट उलट दिशेने नेणं कठीण, आणि मुठा कालव्यावरचे पूल आणि काठाची वस्ती बघता बोट जाणार तरी कुठून. २०१८ च्या सप्टेंबरमध्ये दांडेकर पुलाजवळ तो फुटला तेव्हा काय झालं ते पुणेकरांना माहीतच आहे. पाणी इथेही लागतंच, लॉक दर वेळी ते खाली सोडतो, म्हणून टेलफर्डने १८२०च्या दशकात एजबॅस्टनचा तलाव बांधून मेन लाइनला पाण्याची सोय केली.

१९. सप्टेंबरमध्ये बोट घेऊन कालव्यातच गणपती विसर्जन केलं तर चालेल का?

नाही. भावना समजते, पण पाणी उभं आणि मीटरभर खोल (प्रश्न ४ आणि १८), मूर्ती कुठेही जाणार नाही, तिथेच गाळात बसून राहील आणि पुढच्या बोटीच्या प्रॉपेलरला लागेल. कालव्यात काहीही टाकायला परवानगी नाही, त्यात निर्माल्यही आलं, आणि तांदूळ-पाव बदकांना टाकणंही कमीच ठेवा. शाडूची छोटी मूर्ती असेल तर घरी बादलीत विसर्जन करून ते पाणी कुंडीत घाला, किंवा तुमच्या मंडळाने रीतसर परवानगी काढून जिथे सोय केली असेल तिथे जा.

मूर्ती घरी ठेवून नुसती सहल करायची आणि बोटीवर आरती म्हणायची असेल तर त्याला हरकत नाही, यार्डाला आधी सांगा. बोटीवर गॅसचा सिलिंडर असतो म्हणून निरांजन आणि उदबत्ती नको, बॅटरीचा दिवा न्या, आणि राहत्या बोटींजवळून जाताना झांजा जरा हळू.